फुटलेल्या लघुग्रहाचा माग

सुमारे ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात एक मोठी टक्कर झाली. मुंबईहून पुण्याला जाताना जेवढा रस्ता कापावा लागतो, साधारण तेवढ्या व्यासाचा, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपासचा एक लघुग्रह तीत फुटला. पृथ्वीवर तेव्हा ऑर्डोव्हिशियन कालखंड चालू होता. जमिनीवर झाडे नव्हती, प्राणी नव्हते. समुद्रात मात्र ट्रायलोबाइट होते, सरळ लांबट शंखांतले नॉटिलॉइड होते. भारताचा भूभाग दक्षिणेकडच्या गोंडवन महाखंडाला जोडलेला होता आणि सह्याद्रीचा काळा पाषाण तयार व्हायला अजून चाळीस कोटी वर्षे होती.

ही टक्कर पाहणारे कोणी नव्हते. तरीही ती केव्हा झाली, तिचे पहिले तुकडे पृथ्वीवर किती काळाने येऊन पडले, त्यांचा वर्षाव किती दाट होता, हे आज बऱ्याच खात्रीने सांगता येते. इतक्या दूरच्या आणि इतक्या जुन्या घटनेचा कालक्रम लावता यावा, याचे मला फार अप्रूप वाटते. तो लावण्याच्या कामी दुर्बिणी आल्या, तशी दगडाच्या खाणीतली करवतही आली.

लघुग्रह फुटतात ही कल्पना लघुग्रहांच्या शोधाएवढीच जुनी आहे. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत जुझेप्पे पियात्सी यांना सेरेस दिसला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ब्रेमेनचे हाइनरिश ओल्बर्स यांना पॅलस सापडला. ओल्बर्स पेशाने डॉक्टर. दिवसा रोगी तपासायचे आणि रात्री घराच्या माडीवरून आकाश न्याहाळायचे, असा त्यांचा क्रम होता. जिथे एक ग्रह असायला हवा असे लोक मानत होते, तिथे दोन लहान गोल निघाले. ओल्बर्स यांनी तर्क केला की तिथे पूर्वी एकच ग्रह असावा आणि तो फुटला असावा. तसे असेल, तर सगळे तुकडे फिरून फिरून त्या स्फोटाच्या जागेजवळून जाणार. मग त्याच दिशेला नजर ठेवली तर आणखी तुकडे सापडतील. १८०४ मध्ये जुनो सापडला आणि १८०७ मध्ये खुद्द ओल्बर्स यांना कन्या राशीत व्हेस्टा सापडली. तर्क खरा ठरल्यासारखा वाटला.

तो पुरता खरा नव्हता. पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले, तरी चंद्राच्या वस्तुमानाचे जेमतेम तीन-चार टक्के भरतात आणि त्यातला सुमारे चाळीस टक्के वाटा एकट्या सेरेसचा आहे. तिथे ग्रह फुटला नव्हता. शेजारच्या गुरूच्या ओढीमुळे तिथे ग्रह घडूच शकला नाही. सूर्यमाला घडताना जे लहान-मोठे गोल उरले, त्यांच्या कक्षा या ओढीने तिरप्या आणि लांबट झाल्या. अशा कक्षा एकमेकींना छेदतात आणि छेदताना दोन लघुग्रहांची गाठ पडलीच, तर ते सेकंदाला सरासरी पाच किलोमीटर वेगाने आदळतात. रायफलच्या गोळीचा वेग याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे ग्रह न घडण्याचे आणि लघुग्रह फुटण्याचे कारण एकच. ओल्बर्स यांचा ग्रह गेला. पण तुकडे आपल्या जन्माची खूण कक्षेत बाळगतात, हे त्यांचे म्हणणे टिकले, आणि माझ्या मते तेच मोलाचे होते.

त्या म्हणण्याला पुरावा मिळायला शंभरावर वर्षे लागली. १८९१ मध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रांवरून लघुग्रह शोधायला सुरुवात केली आणि त्यांची यादी भराभर वाढू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानचे कियोत्सुगु हिरायामा अमेरिकेत येल विद्यापीठात अर्नेस्ट ब्राउन यांच्याकडे खगोलीय गणित शिकायला गेले. तोवर सुमारे ७९० लघुग्रहांच्या कक्षा माहीत झाल्या होत्या. हिरायामा यांनी प्रत्येकाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, कक्षेचा लांबटपणा आणि तिचा कल यांची मांडणी केली. गुरू या कक्षांना हजारो वर्षांच्या तालात हेलकावे देत असतो. ते हेलकावे हिशेबातून वजा केल्यावर जे उरते, ते लघुग्रहाचे स्वतःचे. असे आकडे आलेखावर मांडल्यावर काही ठिकाणी ठिपक्यांची गर्दी दिसली, आणि योगायोगाने व्हावी त्याहून ती कितीतरी जास्त होती. १९१८ मध्ये हिरायामा यांनी कोरोनिस, इऑस आणि थेमिस या तीन गटांची नावे प्रसिद्ध केली. प्रत्येक गट म्हणजे एका फुटलेल्या लघुग्रहाचे कुटुंब.

कोट्यवधी वर्षांनीही कुटुंब ओळखू येते, याचे कारण सोपे आहे. टक्कर कितीही भीषण असली, तरी मोठे तुकडे एकमेकांपासून दूर जातात ते सेकंदाला काही डझन मीटर वेगाने. सूर्याभोवती फिरण्याचा त्यांचा वेग मात्र सेकंदाला सतरा-अठरा किलोमीटर असतो. त्यापुढे फुटण्याचा धक्का किरकोळच. त्यामुळे सगळे तुकडे साधारण जुन्याच वाटेने फिरत राहतात. १९९३ मध्ये गॅलिलिओ यान इडा या लघुग्रहाजवळून गेले. इडा कोरोनिस कुटुंबातला. त्याच्याभोवती दीड किलोमीटरहून लहान असा एक चंद्र फिरताना दिसला, त्याला डॅक्टिल हे नाव मिळाले. हिरायामा यांनी कागदावर ओळखलेल्या घराण्यातल्या एकाचा खड्ड्यांनी भरलेला चेहरा तेव्हा जवळून दिसला.

मग ध्यानात आले की फुटणे म्हणजे कायमचे विखुरणे असेही नाही. तुकड्यांपैकी बरेचसे आपसातल्या गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र येतात आणि आत पोकळ्या असलेला, खडीच्या ढिगासारखा सैल लघुग्रह तयार होतो. १९९७ मध्ये माटिल्ड या लघुग्रहाची घनता मोजली, ती पाण्याच्या जेमतेम १.३ पट निघाली. २००५ मध्ये जपानचे हायाबुसा यान अर्ध्या किलोमीटरच्या इतोकावाजवळ गेले, तेव्हा त्याचा सुमारे चाळीस टक्के भाग रिकामा असल्याचे दिसले. सगळ्यांत बोलका प्रयोग ५ एप्रिल २०१९ रोजी झाला. हायाबुसा-२ यानाने र्‍युगू या लघुग्रहावर दोन किलो वजनाचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने आदळवला. टणक खडकावर एवढ्याशा गोळ्याने लहानसा खड्डा पडला असता. र्‍युगूवर चौदा मीटरहून रुंद विवर पडले. वरचे दगडगोटे एकमेकांना जवळजवळ धरूनच नव्हते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिमॉर्फस या चिमुकल्या लघुग्रहावर आदळले आणि त्याचा मोठ्या साथीदाराभोवतीच्या प्रदक्षिणेचा ११ तास ५५ मिनिटांचा काळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला, त्यातही हेच दिसले. यानाच्या धडकेपेक्षा उडालेल्या दगडमातीच्या उलट रेट्याने डिमॉर्फसला जास्त ढकलले होते.

आता त्या ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीकडे येऊ. तिचा पहिला सुगावा लागला तो अशनींच्या संग्रहालयांत. दगडी अशनींत एल-कॉन्ड्राइट नावाची एक मोठी जात आहे. पृथ्वीवर पडताना पाहिल्या गेलेल्या अशनींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक याच जातीचे. खडकातले किरणोत्सारी पोटॅशियम सावकाश आर्गॉन वायूत बदलत असते आणि तो वायू खडकात साठत जातो. किती साठला यावरून वय काढता येते. पण खडक कडकडीत तापला, तर वायू निसटतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. बहुतेक अशनींचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपास येते, म्हणजे सूर्यमालेच्या वयाएवढे. एल-कॉन्ड्राइटपैकी पुष्कळांचे मात्र जेमतेम पन्नास कोटी येत होते. १९६० च्या दशकात एडवर्ड अँडर्स आणि डीटर हायमन यांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की हे सगळे एकाच लघुग्रहाचे तुकडे आहेत आणि त्या सुमारास त्याला मोठा दणका बसला होता.

दणक्याच्या खुणा दगडावर दिसतातच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १८७९ साली टेनहॅम नावाचा अशनी पडला, तो याच जातीचा. त्याच्या कापलेल्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक काळ्या रेषा जाळ्यासारख्या पसरलेल्या आहेत. धक्क्याने क्षणभर वितळून गोठलेला दगड म्हणजे त्या रेषा. १९६९ मध्ये त्या रेषांत एक नवे खनिज सापडले आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रिंगवुड यांच्या नावाने त्याला रिंगवुडाइट म्हटले गेले. पृथ्वीवर हे खनिज पाचशे किलोमीटरहून खोल, तिथल्या दाबाखालीच तयार होते. तेवढा दाब त्या लघुग्रहाच्या पोटात पळभरात आला होता.

आर्गॉनच्या घड्याळावरून काढलेल्या तारखेत काही कोटी वर्षे इकडची तिकडे होत होती. नेमकेपणा आला तो स्वीडनमधून. तिथल्या ब्रुनफ्लो गावच्या चुनखडीच्या एका लादीत १९५२ साली एक काळपट गोळा सापडला होता. तो अशनी आहे हे १९७९ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. पेर थोर्सलुंड आणि फ्रान्स विकमन यांनी ते ओळखले. समुद्राच्या तळाशी पडून गाळात गाडला गेलेला, जीवाश्मासारखा झालेला अशनी तोवर कोणी पाहिला नव्हता. असा एखादा सापडणेसुद्धा नशिबाचे, असेच सगळे समजत होते.

१९९० च्या दशकात दक्षिण स्वीडनच्या किनेकुल्ले टेकडीवर, थोर्सबर्गच्या खाणीत हा समज पार मोडला. तिथली लालसर चुनखडी ऑर्डोव्हिशियन समुद्रात थरावर थर साचून झालेली आहे; हजार वर्षांत काही मिलिमीटर, इतक्या धिम्या गतीने. खाणकामगार तिच्या लाद्या कापून फरशीसाठी आणि खिडक्यांच्या पट्ट्यांसाठी विकतात. प्रत्येक थराला त्यांनी नाव दिलेले आहे. अधूनमधून एखाद्या लादीत काळा गोळा निघे आणि त्याच्याभोवती दगडाचा लाल रंग उडून करड्या रंगाचे कडे झालेले असे. आतल्या लोखंडाने गंजताना सभोवतालचा ऑक्सिजन ओढून घेतला, म्हणून ते कडे. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो डागच. अशा लाद्या बाजूला टाकल्या जात.

लुंड विद्यापीठाचे भूवैज्ञानिक बिर्गर श्मिट्झ आणि जीवाश्मांचे हौशी संग्राहक मारिओ तासिनारी यांनी कामगारांना सांगून ठेवले, की डाग असलेल्या लाद्या आमच्यासाठी राखा. कामगारांनी त्या राखल्या. पुढच्या वर्षांत या एकाच खाणीतून शंभराहून अधिक अशनी निघाले. काही नखाएवढे, काही वीतभर. या कामगारांचे ऋण विज्ञानाच्या इतिहासात ठळक नोंदवावे असे मला मनापासून वाटते. दगड कापताना प्रत्येक लादीवर नजर ठेवणारे तेच होते आणि त्यांनी ते काम वर्षानुवर्षे केले.

समुद्राच्या पाण्याने या अशनींतली जवळजवळ सगळी खनिजे कधीच बदलून टाकली होती. उरले होते फक्त क्रोमाइटचे बारीक काळे कण. हे खनिज फार चिवट. त्याच्या रासायनिक घडणीवरून अशनीची जात कळते आणि इथे जवळपास सगळे एल-कॉन्ड्राइट निघाले. खाणीतल्या थरांचे वय, सापडलेल्या अशनींची संख्या आणि कापलेल्या दगडाचे क्षेत्रफळ यांवरून हिशेब केला, तेव्हा त्या काळी पृथ्वीवर आजच्यापेक्षा शंभरपटीच्या आसपास अशनी पडत होते असे दिसले. तेच कण पुढे रशियातल्या आणि चीनमधल्या त्याच वयाच्या चुनखडीतही सापडले. वर्षाव सगळ्या पृथ्वीवर झाला होता.

या सगळ्या कथेतला मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा २००४ मध्ये मिळाला. लघुग्रहाच्या पोटातल्या दगडापर्यंत विश्वकिरण पोचत नाहीत. तो फुटून तुकडा उघड्यावर आला, की विश्वकिरणांच्या माऱ्याने त्यात निऑनसारख्या वायूंचे विशिष्ट अणू तयार होऊ लागतात. पृथ्वीवर पडून गाडला गेला, की ते थांबते. म्हणजे साठलेल्या वायूवरून तुकड्याच्या प्रवासाचा काळ कळतो. फिलिप हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणीच्या निरनिराळ्या थरांतल्या क्रोमाइट कणांमधला हा वायू मोजला. सर्वांत खालच्या थरातल्या अशनींचा प्रवास सुमारे एक लाख वर्षांचा निघाला. थर जसा वरचा, तसा प्रवास लांबत गेलेला, दहा लाख वर्षांच्या पलीकडेपर्यंत. एकाच वेळी निघालेले तुकडे एकामागून एक पोचले तर जसे दिसेल, अगदी तसेच. आजचे दगडी अशनी पट्ट्यातून पृथ्वीवर यायला बहुधा लाखो नव्हे, कोट्यवधी वर्षे घेतात. म्हणून एक लाख वर्षे हा आकडा फार सांगून जातो. फुटलेला लघुग्रह अशा जागी असला पाहिजे, जिथून गुरूची तालबद्ध ओढ तुकड्यांना थेट आतल्या ग्रहांकडे भिरकावू शकते.

टकरीचे पृथ्वीवर परिणाम काय झाले, याबाबत मात्र तोलून बोलायला हवे. २०१९ मध्ये श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडले, की टकरीतून उठलेल्या धुळीने सूर्यप्रकाश अडवला, पृथ्वी गार झाली आणि ऑर्डोव्हिशियनमधल्या एका हिमयुगाला चालना मिळाली. धूळ प्रचंड वाढली होती आणि त्याच सुमारास समुद्राची पातळी खाली गेली, हे थरांत दिसते. पण समुद्र त्याआधीपासूनच हळूहळू थंड होत असल्याच्या खुणाही आहेत. धुळीने थंडीला हातभार लावला असेल, हे मला पटते. सगळे श्रेय तिला द्यायला मन धजत नाही. त्याआधी, २००८ मध्ये, समुद्री जीवांच्या जाती वाढण्याचा संबंधही या टकरीशी जोडला गेला होता. पुढे थरांची कालगणना काटेकोर झाली, तेव्हा ती वाढ टकरीच्या आधीच सुरू झाल्याचे दिसले.

विवरांचा पुरावा जास्त ठोस आहे. आपल्या लोणारच्या विवराचा व्यास १.८ किलोमीटर. मध्य स्वीडनमधल्या लॉकने विवराचा आतला भाग साडेसात किलोमीटरचा आहे. ते टकरीनंतर सुमारे ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांनी झाले आणि त्याच्या गाळात एल-कॉन्ड्राइटचे क्रोमाइट खच्चून भरलेले आहे. तिथून सोळा किलोमीटरवर मोलिंगेन नावाचे त्याच वयाचे लहान विवर आहे. इडाप्रमाणे चंद्र घेऊन फिरणारा एखादा तुकडाच जोडीने येऊन पडला असावा.

तो मूळ लघुग्रह कोणता, हा प्रश्न मात्र राहिला होता. आधी फ्लोरा कुटुंबावर संशय होता, मग गेफिऑनवर. २०२४ मध्ये मिरोस्लाव ब्रोझ, मिकाएल मार्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपट, कक्षा आणि अवकाशातल्या धुळीचे पट्टे एकत्र जुळवून मासालिया या कुटुंबाचे नाव पुढे केले. मासालिया १८५२ मध्ये नेपल्सच्या अन्निबाले दे गास्पारिस यांनी शोधला होता. पहिली मोठी टक्कर ४६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. आणि त्याच कुटुंबात सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी आणखी एक टक्कर झाली. आज पडणारे एल-कॉन्ड्राइट या दुसऱ्या टकरीचे तुकडे आहेत. घड्याळ शून्यावर नेले पहिल्या टकरीने आणि दगड पृथ्वीकडे पाठवले दुसरीने. मासालियासह कोरोनिस आणि त्यातूनच फुटलेले, जेमतेम अठ्ठावन्न लाख वर्षांचे कारिन, अशी तीन कुटुंबे धरली, तर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचा उगम सांगता येतो. म्हणजे संग्रहालयांतल्या अशनींवरून सगळ्या पट्ट्याची कल्पना करणे धोक्याचे आहे. अलीकडे कोण फुटले, यावर त्या संग्रहाची घडण ठरली आहे. हेक यांनी टकरीच्या थोडे आधीचे थर तपासले, तर आज अत्यंत दुर्मीळ असलेल्या जातींचे अशनी तेव्हा सर्रास पडत होते असे आढळले.

तरीही प्रत्येक टक्कर पृथ्वीपर्यंत पोचत नाही. गेल्या पन्नास कोटी वर्षांत कुटुंब निर्माण करण्याइतक्या मोठ्या सुमारे सत्तर टकरी पट्ट्यात झाल्या असाव्यात. फ्रेड्रिक टेरफेल्ट आणि श्मिट्झ यांनी या काळातले पंधरा टप्पे निवडून आठ हजार किलोंहून अधिक चुनखडी आम्लात विरघळवली, उरलेल्या गाळातून क्रोमाइटचे कण वेचले आणि २०२१ मध्ये हिशेब मांडला. वर्षाव ठळकपणे वाढल्याचे दिसले ते एकाच टकरीनंतर, आणि ती हीच.